लोरेइरू : लीमाकाठचा दरवळ

आंबेमोहोर तांदळाचं बारसं कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेलं नाही. भात रटरटायला लागला, झाकण उचललं, आणि चुलीपुढे बसलेल्या कुणाला तरी फुललेल्या आमराईची आठवण झाली असणार. एका पिकाला दुसऱ्याच झाडाच्या मोहोराचं नाव मिळालं, तेही निव्वळ वासावरून. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात हाच प्रकार एका पांढऱ्या द्राक्षाच्या बाबतीत घडला. तिथे लॉरेल नावाचं एक सदाहरित झाड परसात आणि बांधावर असतं. रोमन विजेत्यांच्या डोक्यावर ज्याच्या पानांचा मुकुट चढवत, तेच हे झाड. पोर्तुगीजमध्ये त्याला लोरेइरू म्हणतात. त्याच्या फुलांसारखा वास ज्या द्राक्षाच्या वाइनला येतो, त्या द्राक्षाचंही नाव लोरेइरू.

नावात शेवटी ‘ओ’ लिहितात आणि उच्चारात त्याचा ‘ऊ’ होतो. गोव्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. या पुस्तकात पोर्तुगीज नावं शक्यतो तिकडच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. त्यामुळे बाटलीवरचं लेबल वाचताना थोडी ओढाताण होईल, ती सोसावी.

शब्दकोशात लॉरेलच्या पानासमोर बहुतेकदा ‘तमालपत्र’ लिहिलेलं सापडतं, आणि पहिली फसगत तिथेच होते. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं. त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठसठशीत शिरा असतात, आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच मुख्य शीर असते आणि त्याचा वास निलगिरीच्या बाजूचा. म्हणजे मसाल्याच्या डब्यातलं पान हुंगून लोरेइरूची कल्पना करायला गेलात तर चुकाल. शिवाय द्राक्षाचं साम्य सांगतात ते लॉरेलच्या फुलाशी. ते फूल बारीक आणि पिवळट असतं, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिलं असेल.

मग मराठी माणसाने हा वास ओळखायचा कसा? मला उत्तर मिळालं ते आईकडून. तिने आयुष्यात वाइनचा घोट घेतलेला नाही. तरी मी नुसता ग्लास पुढे केला आणि वास घ्यायला सांगितलं. तिने पदर सावरत नाक जवळ नेलं आणि म्हणाली, “अरे, धने भरडल्यासारखा वास येतोय की! आणि मागून मोसंब्याचं फूल.” तोवर मी इंग्रजी पुस्तकांतून वाचलेली अकेशियाची फुलं, लाइमचा रस आणि ओले दगड शोधत बसलो होतो.

आईचं नाक बरोबर होतं, हे पुढे रसायनशास्त्राने सांगितलं. लोरेइरूच्या वासात मोठा वाटा लिनालूल नावाच्या सुगंधी द्रव्याचा आहे, आणि धन्याच्या तेलात सर्वाधिक असतं तेही लिनालूलच. संत्र्याच्या कुळातल्या फुलांत ते आहे, लॅव्हेंडरमध्येही आहे. ज्या द्राक्षांत अशी टर्पीन वर्गातली द्रव्यं भरपूर असतात, त्यांना सुवासिक जाती म्हणतात. मस्कत हा त्यांचा म्होरक्या. त्याचं द्राक्ष तोंडात टाकलं तरी वास कळतो. शार्दोनेसारख्या जाती दुसऱ्या टोकाला, मुळात शांत. त्यांच्या वाइनला जे रंगरूप येतं ते बरंचसं किण्व, लाकडी पिंप आणि काळ यांचं देणं असतं. लोरेइरू मस्कतच्या घोळक्यातली खरी, पण त्याच्याइतकी बडबडी नाही.

द्राक्षातल्या या सुगंधी द्रव्यांचा बराच भाग साखरेच्या रेणूंना बांधलेला असतो, आणि बांधलेला असेपर्यंत त्याला वास नसतो. किण्वनात, आणि नंतर बाटलीत आम्लाच्या संगतीत, ही गाठ हळूहळू सुटते. ‘ही वाइन वर्षभरात संपवा’ हा सल्ला म्हणूनच लोरेइरूला सरसकट लागू पडत नाही. कमी उत्पन्नाच्या वेलीवरची, नीट बनवलेली वाइन पाच-सात वर्षं ठेवली तर फुलांचा पहिला झोत ओसरतो आणि मेण, मध, वाळलेली साल अशा वासांची दुसरी फळी पुढे येते. वर्षभरातला सल्ला जगभर रुजला त्यामागे द्राक्षापेक्षा बाजार जास्त आहे.

तो बाजार समजायचा तर मिन्यू प्रांतात जावं लागतं. मिन्यू, लीमा, काव्हादु आणि आव्ह या नद्या डोंगरातून निघून अटलांटिकला मिळतात, आणि त्यांची खोरी समुद्राकडे तोंड करून पसरली आहेत. समुद्रावरचा दमट वारा नाल्यात शिरावा तसा या खोऱ्यांतून आत शिरतो. जमीन ग्रॅनाइटची, पावसाला तोटा नाही. दक्षिण पोर्तुगालचं करपलेलं पिवळं माळरान पाहून इथे आलेल्या माणसाला आपण देश बदलला की काय असं वाटतं. कोकणातल्या माणसाला मात्र फार परकं वाटणार नाही. वाडीला लागून वाडी, दगडी गडगे, तुकड्या-तुकड्यांची शेती, आणि घरटी एक माणूस परदेशात. मिन्यूतले लोक पिढ्यान्‌पिढ्या आधी ब्राझीलला आणि नंतर फ्रान्सला गेले, आपल्याकडे मुंबईला जात तसे.

अमेरिकेतून आलेला मका इथल्या तुकड्यांवर असा रुजला की मोकळी जमीन त्याची झाली आणि द्राक्षाला बांधावर जावं लागलं. शेतकऱ्यांनी वेल बांधावरच्या ओक, चेस्टनट, पॉप्लर अशा झाडांवर चढवले. सुपारीवर मिरवेल किंवा पानवेल चढवतात त्यातलाच हा प्रकार. त्यांच्या भाषेत याला ‘फाशी दिलेली’ वेल म्हणतात, कारण घड वरून लोंबतात. जमीन मक्याला, हवा द्राक्षाला, अशी ही वाटणी. काढणीला लांब लाकडी शिड्या लावाव्या लागत. पानांच्या दाट सावलीत घड पुरते पिकत नसत, साखर कमी राही आणि आंबटपणा टिके. त्यातून जी वाइन होई ती हलकी, चरचरीत, आणि वसंतापर्यंत बाटलीत थोडी उरलेली धुसफूस घेऊन येणारी. जिभेला टोचणाऱ्या या बुडबुड्यांना पोर्तुगीजांनी ‘सुई’ असा नेमका शब्द दिला आहे. या वाइनचं नाव व्हिन्यू व्हेर्द. शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’. हिरवेपणा द्राक्षाचा, वाइनच्या कोवळ्या वयाचा की मुलखाचा, यावर तिथे अजून वाद घालतात. रंगाचा तो नाही एवढं नक्की.

विसाव्या शतकात बराच काळ इथली बहुतांश वाइन चक्क लाल होती. व्हिन्यांव नावाच्या द्राक्षाची, जांभळट-काळी, दात रंगवणारी. ती पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पितात, आणि पोंत द लीमा या गावात डुकराच्या रक्तातल्या भातासोबत आजही तिचाच मान. परदेशी गिऱ्हाइकाला ही वाइन कधी झेपली नाही. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी लीमा जिथे समुद्राला मिळते त्या व्हियाना बंदरातून लाल वाइन नेत असत, पण ती पातळ होती आणि प्रवासात टिकत नसे. व्यापारी दक्षिणेला दोरू नदीच्या तापट खोऱ्याकडे वळले. तिथल्या वाइनमध्ये ब्रँडी घालून पोर्ट तयार झाली, १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या राजवटीत त्या खोऱ्याच्या सीमा कायद्याने आखल्या गेल्या आणि पुढची कीर्ती सगळी दोरूच्या पदरात पडली. मिन्यूला आपल्या वाइनची सीमा कायद्याने मिळायला १९०८ साल उजाडलं.

मधल्या काळात अमेरिकेतून दोन संकटं आली. १८५० च्या दशकात भुरी, आणि त्यामागून मुळांतला रस शोषणारा फायलोक्झेरा हा कीटक. उपाय म्हणून अमेरिकी वेलीही आल्या. त्यातली इझाबेला नावाची काळी, स्ट्रॉबेरीसारख्या वासाची जात मिन्यूच्या परसांत एवढी पसरली की पुढे सरकारला तिच्या वाइनच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. घराघरांत ती तरीही पितात. ही इझाबेला आपल्या ओळखीची आहे. बेंगलोर ब्लू म्हणून विकलं जाणारं द्राक्ष ते हेच, आणि आपल्याकडच्या गोडमिट्ट ‘पोर्ट’ नावाच्या बाटल्यांत त्याचाच रस असतो. म्हणजे पोर्तुगीज वाइनचं नाव घेऊन आपण पिढ्यान्‌पिढ्या जे प्यालो, ते द्राक्ष पोर्तुगालने आपल्या बाजारातून हाकललेलं होतं! या विनोदावर एक वेगळं पुस्तक होईल.

या सगळ्या काळात लोरेइरू होती, पण घोळक्यात. एकाच शेतातल्या पाच-सात जातींचे घड एकाच टोपलीत पडत आणि एकाच टाकीत जात. त्रझादुरा अंग देई, अरिंतू (मिन्यूत तिला पेदर्नां म्हणतात) आंबट धार देई, लोरेइरू वास देई. स्वयंपाकात कढीपत्त्याचं जे होतं तेच तिचं होई. त्याच्यावाचून फोडणी अडते, आणि ताटात मात्र त्याला बाजूला काढून ठेवतात. अल्व्हारिन्यूचं नशीब वेगळं. स्पेनच्या सीमेवर मोंसांव आणि मेल्गासु ही तिची घरं. तिथे डोंगरांचा आडोसा आहे, ऊन जास्त आहे. तिथे ती स्वतःच्या नावाने बरीच आधी विकली जाऊ लागली, आणि जगाने मिन्यूचं द्राक्ष म्हणून तिचंच नाव पाठ केलं. नदीपलीकडे गालिसियात तिला आल्बारिन्यो म्हणतात आणि लोरेइरूला लोरेइरा. तिथल्या ओ रोसाल भागात या दोघींची जोडी बाटलीत एकत्र नांदते.

बदल आला तो द्राक्षापेक्षा पोलादामुळे. १९७४ च्या राज्यक्रांतीनंतर देश बदलला, १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, आणि अनुदानाच्या पैशांतून थंड ठेवता येणाऱ्या पोलादी टाक्या आल्या. लिनालूलसारखी द्रव्यं उडून जाणारी. उघड्या दगडी कुंडात, गरम हवेत किण्वन झालं की वास खोलीत जातो आणि वाइनमध्ये राहत नाही. झाकलेल्या, गार टाकीत तो कोंडून राहतो. झाडांवरच्या वेली उतरवून तारांवर घेतल्या, तेव्हा घडांना ऊन मिळालं. आर्कुश द व्हाल्देव्हेज इथलं प्रदेशाचं संशोधन केंद्र ज्यांच्या नावाने आहे, ते आमांदियु गाल्यानु यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोणती जात कुठे लावावी याची शिस्त आधीच घालून दिली होती. मग लोरेइरूचं घर असलेल्या लीमाच्या खोऱ्याला आपल्या हाताशी काय आहे ते उमगलं. १९५९ साली स्थापन झालेल्या पोंत द लीमाच्या सहकारी वाइनरीने छोट्या शेतकऱ्यांचा माल घेऊन नुसत्या लोरेइरूच्या बाटल्या परवडणाऱ्या किमतीत घरोघरी पोचवल्या. सहकाराचं बरं-वाईट आपण साखरेत आणि दुधात पाहिलं आहे. लोरेइरूच्या बाबतीत तरी मी सहकाराला पूर्ण गुण देतो.

आज या द्राक्षाकडे पाहण्याच्या ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. पहिली मोठ्या कारखान्यांची : मिश्रण, थोडी साखर, बाहेरून भरलेला वायू, थंडगार प्या आणि विसरून जा. १९३९ पासून विकली जाणारी काझाल गार्सिया ही या घराण्याची सर्वांत नामांकित बाटली. नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील, मी त्यांच्यातला नाही. या बाटल्यांनीच व्हिन्यू व्हेर्द हे नाव जगभर नेलं. पण लोरेइरूची ओळख त्यांच्यातून होत नाही, हेही खरं.

दुसरी तऱ्हा मळेवाल्यांची, आणि या पुस्तकाचं मन तिच्यात जास्त रमलं आहे. पेद्रु अराउजु यांनी १९९० च्या दशकात लीमाकाठच्या किंता दु आमेआल या मळ्यात फक्त लोरेइरूवर सगळा डाव लावला. वायू नाही, साखर नाही, वेलीवर घड कमी. एक वाइन पोलादी टाकीतली, एक ओकच्या पिंपातली, आणि जमलं त्या साली सुकवलेल्या घडांची गोड वाइन. स्वस्त आणि फसफसती म्हणून ठरून गेलेल्या मुलखात हा वेडेपणाच होता. २०१९ मध्ये दक्षिणेतल्या एश्पोरांव या मोठ्या कंपनीने हा मळा विकत घेतला, तेव्हा त्या वेडेपणाची किंमत बाजारालाही कळली. अल्व्हारिन्यूसाठी प्रसिद्ध असलेले आन्सेल्मु मेन्देश यांनीही लीमाच्या खोऱ्यात येऊन लोरेइरू केली. त्यांची वाइन शेजारी ठेवून पाहिली की जात एकच असून हात वेगळा म्हणजे काय ते कळतं.

तिसरी तऱ्हा जमिनीशी आणि जुन्या रीतींशी सलगी करणाऱ्यांची. व्हाश्कु क्रॉफ्ट यांचा आफ्रुश हा मळा जैवगतिक पद्धतीने चालतो, आणि तिथे लोरेइरू मातीच्या रांजणांतही मुरवतात. अशा वाइनमध्ये फुलाचा वास मागे सरतो. चहाची पत्ती, साल, कधी थोडा दमट कोठीचा वास पुढे येतो. मला प्रत्येक बाटली आवडते असं नाही. काही बाटल्यांत तत्त्व जास्त आणि द्राक्ष कमी लागतं.

पोर्तुगालमध्ये अडीचशेहून अधिक देशी जाती आहेत आणि सुवासिक गोऱ्या द्राक्षांत लोरेइरूला शेजारणीही आहेत. सेतुबालची मस्कत, जिची गोड, ब्रँडी घातलेली वाइन संत्र्याच्या मुरंब्याची आठवण देते. आणि फेर्नांव पिरिश, जी बाइरादा भागात गेली की मारिया गोमिश होते. म्हापशाच्या बाजारात हाक मारली तर चार जणी वळून पाहतील असं हे नाव. ती लवकर पिकते, वासाने भरलेली असते, पण उन्हात तिचा आंबटपणा झपाट्याने उतरतो. लोरेइरूचं उलट. सुवास आणि आंबटपणा एकत्र टिकणं द्राक्षात दुर्मीळ, आणि तिच्यात ते आहे. दोष? बुरशीला ती चटकन बळी पडते, आणि मोकाट सोडली तर एवढे घड धरते की वास पातळ होतो.

आत्ताच हे पुस्तक का, याचं एक कारण हवामानात आहे. युरोप तापतो आहे. तापलेल्या द्राक्षात साखर वाढते, वाइनमध्ये अल्कोहोल वाढतं, आंबटपणा पळतो. स्वतःच्या जातींविषयी कमालीच्या कर्मठ असलेल्या बोर्दोने २०२१ मध्ये काही नव्या जातींना प्रयोगादाखल दार उघडलं. त्यांत पोर्तुगालच्या दोन होत्या, तुरीगा नासियोनाल आणि आपली अल्व्हारिन्यू. लोरेइरूची वाइन अकरा-साडेअकरा टक्के अल्कोहोलात भरलेली लागते. हलकं पिणाऱ्यांच्या पिढीला आणखी काय हवं? दुसरं कारण बियाण्याचं. पोर्तुगीजांनी एकाच जातीच्या आतलं वैविध्यही जपायचं ठरवलं. त्यासाठी २००९ मध्ये पोर्व्हिद ही संस्था उभी राहिली, आणि पेगोंइश इथे जुन्या मळ्यांतून गोळा केलेल्या वेली राखून ठेवल्या जातात. एकेका गावातलं भाताचं वाण गमावल्यावर जागे होणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे काम पाहावं असं आहे.

नाशिकच्या बागायतदारांना यातलं काय उपयोगी पडेल, असं मला विचारलं जातं. शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ तिथे रुजल्या आहेत. वर्षातून दोन छाटण्या आणि फेब्रुवारी-मार्चमधली काढणी हे गणित लीमाच्या सप्टेंबरातल्या काढणीहून मुळातच वेगळं. ‘ही जात आणा’ अशी शिफारस या पुस्तकात सापडणार नाही. वासाच्या द्राक्षाशी कसं वागतात, घडाला किती ऊन द्यायचं, कधी तोडायचं, टाकी किती गार ठेवायची, हे मात्र तपशिलात आहे.

पुस्तकाचा हेतू मर्यादित आहे. एका द्राक्षाच्या निमित्ताने एक मुलूख, त्याची शेती आणि त्याचं ताट ओळखीचं व्हावं, आणि ही ओळख मराठीत व्हावी. वासासाठी आपल्याकडे दरवळ आहे, घमघमाट आहे, खमंग, उग्र, हिरवट, धुरकट, कुबट, खवट आहे. असे शब्द असताना परक्या फळबागेतून उसने वास आणायचं मी टाळलं आहे. गुणांकन दिलेलं नाही. शंभरपैकी ब्याण्णव आणि एक्क्याण्णव यांतला फरक मला कधी कळला नाही. ताटाबद्दल मात्र ठाम मतं आहेत : मालवणी तिखट रश्शापुढे ही वाइन मुकी होते, पण लसूण-कोथिंबिरीत वाफवलेल्या तिसऱ्यांबरोबर ती बोलते. पोर्तुगीजही शिंपल्या लसूण, कोथिंबीर आणि लिंबात शिजवतात आणि त्या पदार्थाला बुल्यांव पातु या कवीचं नाव देतात.

लीमा नदीची एक जुनी कथा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन सैन्य तिच्या काठी आलं आणि थबकलं. ही नदी लेथे आहे, ओलांडली की माणूस सगळं विसरतो, अशी सैनिकांची समजूत. सेनापती देसिमुस ब्रूतुस एकटा पार गेला आणि पलीकडच्या काठावरून एकेका सैनिकाला नावाने हाक मारू लागला. नावं आठवतात हे पाहून सैन्य नदीत उतरलं. पोंत द लीमात आज एका काठावर घोड्यावरचा सेनापती आणि दुसऱ्या काठावर रांगेत उभे सैनिक, असे पुतळे आहेत. हे पुस्तकही तसंच, घोळक्यात हरवलेल्या एका नावाला मारलेली हाक.

न पिणाऱ्या वाचकासाठीही हे पुस्तक आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी मसाल्याच्या डब्यातून चार धने घ्या, तळहातावर चुरडा आणि डोळे मिटून वास घ्या. बाटली मिळाली तर ती फ्रीजमधून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार असली तर धने सापडणार नाहीत.